चांगल्या डोळ्यावरची पट्टी

चामराजपेटेत माझं शिलाईचं दुकान, मागं एक खोली, तिथंच संसार. मी चौथी नापास. त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साल असेल, पोरगी पहिलीत होती. तिचा डावा डोळा जरा नाकाकडं वळायचा. मी म्हणायचो, "तिरळी पोर घराला लाभते."

बायको म्हणाली, "लाभते ना? मग उजवा डोळा झाकून तिला कॅलेंडर वाचायला सांगा."

सांगितलं. पोर म्हणाली, "कुठलं कॅलेंडर, अप्पा?"

मशीनवरचा माझा पाय थांबला.

बायकोच तिला डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. येताना चष्मा आणला. डावा डोळा उजव्याच्या जिवावर बसून खातोय, म्हणाली. रोज चार तास उजवा झाकायचा, म्हणजे डाव्याला काम पडेल. आत्ताच केलं तर जमेल, पोर मोठी झाली की अवघड.

मी काळ्या अस्तराची पट्टी शिवली, आतून मलमल लावली. पण दुपारी बायको ब्लाऊज पोचवायला गेली की पोर माझ्यापाशी असायची. टेबलाला आपटायची, रडायची. मला बघवेना. शिवाय डोक्यात पक्कं बसलेलं, मोडक्या पायाला प्लास्टर घालतात, धडक्या पायाला कोण घालतं? बायकोच्या ऐकण्यात चूक झाली असणार. मी पट्टी डावीकडं सरकवायचो, बायको यायच्या आत परत उजवीकडं. पंधरा दिवस हेच.

एक दिवस ती लवकर आली. गिऱ्हाइकासमोरच म्हणाली, "अहो, अस्तर बाहेर काढून कोट शिवता का कधी? मग पोरीच्या डोळ्याचं का उलटं करताय?"

"रडते गं ती."

"रडू दे. एक डोळा कायमचा गेला तर मी रडेन, ते चालेल?"

त्या दिवसापासून पट्टी मीच बांधली, उजव्यावरच. आधी बटणं निवडायला दिली, मग दाभण ओवायला, मग गोधडीची सुई. दोरा रोज बाजूनं जायचा.

"अप्पा, भोक हलतंय."

"भोक नाही, तू हलतेस. परत."

सात-आठ महिने असे गेले. आयुधपूजेच्या आदल्या दिवशी दुकानात ही गर्दी. पोर पट्टी लावून मशीनपाशी वाकली आणि म्हणाली, "गेला." मी दोरा ओढून बघितला. मशीनच्या सुईतून आरपार! मी असा ओरडलो की बायको पिठाच्या हातानं धावत आली. दोरा तिनंही ओढून बघितला, मग प्रत्येक गिऱ्हाइकाला ओढायला लावला. दुसऱ्या दिवशी मशीनला पहिलं हळदीकुंकू पोरीच्या हातनं. पुढं तपासताना पोरीनं डाव्या डोळ्यानं तक्त्याची शेवटची ओळ वाचली. डॉक्टरीणबाई कानडीत म्हणाल्या, "सरी अक्का, गेद्दे." जिंकलीस. अक्का म्हणजे बायको. जिंकली तीच, मी नाही.

बायकोला जाऊन वर्ष झालं. घर खायला उठतं. आता सुईचं भोक मलाच दिसत नाही. रविवारी पोरगी येते, आठवड्याच्या सुया ओवून ठेवते. पहिली ओवताना मला चिडवायला एक डोळा हातानं झाकते आणि विचारते, "अप्पा, बरोबर झाकलाय ना?"

उजवाच असतो.