काचेमागची पहिली सही

अमेरिकेतल्या ग्राहकाला दुकानात जाऊन बॉलपेन पहिल्यांदा विकत घेता आले ते २९ ऑक्टोबर १९४५ रोजी. ही तारीख कुणालाही पडताळून पाहता येते. चष्म्याचे दुकान चालवणाऱ्या भिंगकाकांना ती तोंडपाठ होती. त्याआधीची म्हणून कुणी सही आणली आणि तिची रेघ बॉलपेनची निघाली, की मान वर न करता ते म्हणत, “आत टाका.”

आत म्हणजे कपाटाच्या तळाच्या खणात. त्या खणाचे नाव तुरुंग. ब्लूज ही अमेरिकन गाणी गाणाऱ्यांच्या आणि संगीतनाटकांतल्या नटनट्यांच्या जुन्या सह्या जमवण्यात काकांची उमेदीची वर्षे खर्ची पडली होती, आणि त्यांतल्या ज्या ज्या खोट्या निघाल्या त्या सगळ्या या खणात कोंबलेल्या होत्या.

“आज कोणाला शिक्षा झाली?” जेवताना काकू विचारत.

“एका विनोदी नटाला. मेल्यानंतर सही करून बसला होता.”

“बरा म्हणायचा. तुम्ही जिवंतपणी विम्याच्या कागदावर सही करत नाही.”

काकांच्या संग्रहातली पहिली सही मात्र कधीच तपासली गेली नव्हती. ती दुकानात, नजर तपासायच्या तक्त्याशेजारी, चौकटीत टांगलेली होती. १९३९च्या हिवाळ्यात एक ब्लूज गायिका शहरातल्या नाट्यगृहात गाऊन गेली, त्या कार्यक्रमाचे हे छापील कार्ड. काका तेव्हा अकरा वर्षांचे होते आणि गोवराने अंथरुणाला खिळले होते. त्यांची थोरली बहीण, ताई, त्याच नाट्यगृहाच्या शिवणखोलीत नुकतीच कामाला लागली होती. तिने ही सही आणून आजारी भावाच्या उशाशी ठेवली. पुढचा सगळा संग्रह या एका कार्डातून वाढला.

१९९४ साली त्याच नाट्यगृहाची डागडुजी झाली आणि दर्शनी दालनात एक काचपेटी ठेवायचे ठरले. व्यवस्थापकबाई स्वतः दुकानात आल्या. “मधली जागा तुमच्या पहिल्या सहीला,” त्या म्हणाल्या. “फक्त तपासणीचा दाखला तुमच्याच हातचा द्या. तुमच्या शब्दावर कोण शंका घेणार?”

काकांनी त्याच दुपारी चौकट खाली उतरवली. कार्ड काचेतून सुटे केले, दिवा बाजूने धरला आणि डोळ्याला भिंग लावले. सहीवर निळी, चिकट चकाकी होती; वळणावर शाईचा बारीक गोळा साचला होता; कागदाला टोकदार खाच पडली होती. इतकी उघड बॉलपेनची रेघ तुरुंगातल्या कैद्यांतही क्वचितच सापडली असती.

नियमाप्रमाणे कार्ड खालच्या खणात जायला हवे होते. पण ते तिथे टाकायचे म्हणजे ताईने आजारी पोराला फसवले असे मान्य करायचे. काकूंनी काकांचा चेहरा पाहिला आणि ताईंना जेवायला बोलावले.

जेवण होईपर्यंत काकांनी दम धरला. मग कार्ड टेबलावर ठेवले. “ताई, ही सही कोणी केली?”

पंचाहत्तरीला टेकलेल्या ताईने चष्मा नाकावर खाली ओढला. “ही? ही मी गिरवलीय.”

“गिरवलीस?”

“मग काय करणार? तू चष्म्याचं शिकायला परगावी गेलास, तेव्हा हे माझ्या मशीनसमोरच्या खिडकीत लावलं होतं. उन्हानं पार विटलं. भरतकाम विटलं की आम्ही जुन्या टाक्यावरूनच नवा टाका घालायचो. तसंच केलं. एक रेघ इकडची तिकडे झाली नाही.”

“अगं, जुन्या सहीला कोणी हात लावतं का?”

“नसता लावला तर कोरं कार्ड टांगून बसला असतास इतकी वर्षं. आणि एवढी भिंगं विकतोस, तुला कळलं नाही?”

काकू हसू दाबायला स्वयंपाकघरात गेल्या. काकांनी पुन्हा भिंग लावले. खरेच, निळ्या रेघेच्या कडेने, जिथे ताईचा हात केसभर सुटला होता तिथे, दौतीच्या शाईची तपकिरी सावली दिसत होती. ताईने फसवले नव्हते. काकांच्या छातीवरचा दगड उतरला. तरीही संशयी माणसाची खोड जाईना.

“आणि खालची सही? ती गायिकेनंच केली ना? तू पाहिलंस?”

ताईने चष्मा पुन्हा वर सरकवला. “रंगपटाचं दार किलकिलं होतं. मी कार्ड आत सरकवलं. हातमोजा घातलेला एक हात आला, कार्ड घेऊन गेला, सही करून परत आला. हात तेवढा पाहिला. खोटं कशाला बोलू?”

काकांनी दाखला स्वतः लिहिला, आणि काचपेटीत कार्डाखाली तोच लावला गेला: “खालची शाई १९३९ची, हात अज्ञात. वरची शाई नंतरची, हात या नाट्यगृहाच्या शिवणखोलीतील कारागिराचा, म्हणजे माझ्या ताईचा.”

उद्घाटनाला ताई नवी साडी नेसून आली. सगळा जन्म पडद्यामागे काढलेली ती बाई दर्शनी दालनात आपल्यावरच्या ओळीसमोर उभी राहिली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणाली, “वरची माझी बरं का.”

गायिकेची निःसंशय खरी अशी दुसरी सही अजून सापडलेली नाही, त्यामुळे ताडून पाहायला काही नाही. हातमोज्यातला तो हात तिचा होता की तिला कपडे चढवणाऱ्या मदतनीस बाईचा, हे आजही माहीत नाही.