जॉइन होताना सोबत सासरे

सांगलीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला ‘सोमवारी जॉइन व्हा’ असा मेल आला. माझे सासरे फौजेतून निवृत्त झालेले हवालदार, जन्मभर ड्युटी जॉइन करत आलेले. तरी त्यांनी मुद्दाम विचारलं, या शब्दाचं मूळ काय? मला शिकवायची खुमखुमी होतीच. सांगून टाकलं, की लॅटिनमधल्या जुंपण्याच्या शब्दावरून फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला आणि आपलं बैलाच्या मानेवरचं जू त्याच्याच भावकीतलं.

मामा, म्हणजे सासरेच, मान डोलावत उठले. मला वाटलं, छाप पडली. जेवताना त्यांनी जाहीर केलं, “नवा खोंड एकटा जुंपत न्हाईत, पोरी. शेजारी मुरल्याला बैल लागतो. मी येतो.”

नवऱ्याला फोन केला. तो दूर सरहद्दीवर. पोटभर हसला आणि बापाला नाही म्हणायचं काम माझ्यावर टाकून मोकळा झाला. ते मला कुठलं जमायला! पहिल्याच तासाला सासऱ्यांना घेऊन आलेली मॅडम म्हणून पोरं वर्षभर टिंगल करणार, या धास्तीनं मला जेवण जाईना.

रविवारी आम्ही औंधजवळच्या गावातून सांगलीशेजारच्या माधवनगरला माझ्या मावशीकडे आलो. तिथल्या डासांनी मामांना रात्रभर झोपू दिलं नाही. तरी सकाळी कडक इस्त्रीचा शर्ट घालून ते माझ्याआधी तयार. कॉलेजात प्राचार्यांबरोबर त्यांचा चहा झाला, फौजेच्या गप्पा झाल्या आणि वर्गात बसायची परवानगीही मिळाली. शेवटच्या बाकावर ते ताठ बसले.

भरला वर्ग बघून पाठ केलेलं पहिलं वाक्यच आठवेना. तेवढ्यात मागून घोरणं सुरू झालं. वर्गात खसखस पिकली. मलाही हसू फुटलं. म्हटलं, हे माझे सासरे, मला सोबत म्हणून आलेत, रात्री झोपले नाहीत, तेव्हा आपण जरा हळू बोलू. पोरं खरोखरच हळू बोलायला लागली. मग तास कसा सरला, मला कळलं नाही.

घंटेनं मामा जागे झाले. व्हरांड्यात येऊन त्यांनी लगेच सासूबाईंना फोन लावला. “लय झ्याक शिकवलं. एका शब्दाला अडली न्हाई.”

फोन खिशात ठेवून मला म्हणाले, “उद्यापास्नं तुजी तू.”

हेच ऐकायला मी आसुसले होते.

“मामा,” मी म्हटलं, “उद्याचा एक दिवस तरी चला की.”