माझ्यासमोर जोडा

आमची आत्या घरांचे नकाशे काढते. दुधाने तोंड न पोळताही ताक फुंकून पिणारी बाई. मोठा नकाशा उघडला की तिचा जुना कॉम्प्युटर बसकण मारायचा. शेवटी काका म्हणाले, "ऑनलाइन मागव. आतला प्रत्येक भाग आपण निवडायचा, कंपनीवाले जोडून पाठवतात."

"पैसे आधी, खोकं नंतर. आणि जोडणाऱ्याचं तोंडसुद्धा दिसणार नाही?" असं म्हणून आत्या मला घेऊन दुकानात गेली.

दुकानदार साखरेत घोळलेला. "ताई, काम काय ते सांगा, बाकी माझ्यावर सोडा. संध्याकाळी घेऊन जा."

'माझ्यावर सोडा' ऐकताच आत्याने स्टूल ओढलं. "माझ्यासमोर जोडा."

त्याचा चेहरा पडला, पण गिऱ्हाईक सोडवेना. एकेक भाग टेबलावर आला. स्क्रीनवर चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाच्या खोक्याचं सील फाटलेलं. आत्याने कार्ड उजेडात धरलं, तर त्याच्या पंख्यावर धूळ.

"हे वापरलेलं आहे."

"छे हो! नुसतं दाखवायला उघडलं होतं."

"मग दुसरं काढा."

"तेवढं एकच उरलंय, ताई."

आम्ही बाहेर पडलो. नाइलाजाने तिने ऑनलाइन मागवला. खोकं आलं तेव्हा काकांना मोबाइलवर शूटिंग करायला लावून तिने चिकटपट्टीपासून स्क्रूपर्यंत सगळं तपासलं. माल कोरा करकरीत होता. बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन मात्र काळीच.

"सांगत होते ना?" तिच्या आवाजात रागापेक्षा समाधानच जास्त.

कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, "प्रवासात कार्ड सैल झालं असेल. झाकण उघडून घट्ट दाबा."

"म्हणजे उद्या तुम्हीच म्हणणार, झाकण उघडलंत, वॉरंटी गेली! आधी लेखी द्या."

"हो, देते की," बाई लगेच म्हणाली आणि दोन मिनिटांत ईमेल आला. तो नीट वाचून झाल्यावरच तिने स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. कार्ड दाबताच कट् आवाज झाला, स्क्रीन उजळली. काकांनी टाळ्या वाजवल्या. आत्या मात्र सेटिंगमध्ये शिरून, मागवलेलेच भाग आत आहेत का, ते बघत बसली.

तो कॉम्प्युटर अजून एकदाही कुरकुरलेला नाही. म्हणून परवा मी तिला विचारलं, "मलाही घ्यायचाय. कुठून घेऊ?"

मला वाटलं, ऑनलाइन म्हणेल.

"दुकानातून घे," आत्या म्हणाली. "लबाड असला तरी त्याच्याशी समोरासमोर भांडता येतं. त्या फोनवरच्या बाईवर माझा अजून भरवसा नाही. फार पटकन कबूल झाली ती."