बुडबुडे नीट पाहा
शाळांच्या विज्ञान मंडळांसाठी प्रयोगांची खोकी तयार करणाऱ्या त्या केंद्रात तिला सगळे पायरीबाई म्हणत. मुलांनी काड्यांचा पूल कसा बांधावा, बाटलीचं रॉकेट कसं उडवावं, याचे कागद ती लिहायची. एका पायरीत एकच काम. प्रशिक्षणाला आलेल्या शिक्षकांना ती दरडावायची, "कागदावर आहे ते करायचं. कागदावर नाही ते करायचं नाही. हुशारी घरी ठेवून या." शिक्षक मान डोलवत आणि शाळेत गेल्यावर तो कागद खोक्याच्या तळाशी अंथरत.

तिच्या कागदांची खरी परीक्षा घरी व्हायची. थोरली नणंद समोर सामान मांडून बसायची आणि लिहिलंय तेवढंच करायची, तेही जुनं वैर असल्यासारखं. 'गोंद लावा' म्हटलं की विचारायची, "कुणाला?" यातून सुटलेला कागदच खोक्यात जायचा.

रॉकेटचा कागद मात्र या परीक्षेला बसलाच नव्हता. "आमच्या हिच्याकडे पाणी मागितलंत, तर पेला कसा धरायचा ते आधी लिहून देईल," असं नणंद पाहुण्यांसमोर म्हणाली होती, आणि पायरीबाई त्यावर आठवडाभर तोंड फुगवून होती. त्याच आठवड्यात कागद छापला गेला आणि पहिलं खोकं एका शाळेत पोचलंही. तिथलं मंडळ ते आज शेवटच्या तासाला उघडणार होतं.

दुपारी ती घरी जेवायला बसली आणि गच्चीत 'फट्' असा आवाज झाला.

वर नणंद निथळत उभी होती. एक हात कपाळावर, चष्मा पार टाकीखाली. आपल्याला डावलल्याच्या रागात तिने टेबलावरचा कागद आणि पायरीबाईची सरावाची बाटली परस्पर वर आणली होती. बाटलीत थोडं पाणी, तोंडाला रबरी बूच, बुचातून नळी आणि नळीला सायकलचा पंप. हवा साचली की बूच निसटतं आणि बाटली उडते.

"वन्सं! डोळा?"

"डोळा आहे जागेवर. भुवईवरून गेली तुझी बाटली." भुवई सोलवटली होती, रक्त येत होतं.

"पण एवढ्या वाकलात कशाला?"

"तूच लिहिलंयस. 'पंप मारताना बाटलीतले बुडबुडे नीट पाहा.' मी नीट पाहिले."

"अहो, पण ते लांब उभं राहून..."

"कुठे लिहिलंय?"

कुठेच नव्हतं. ही बाटली तिने इतक्यांदा उडवली होती की पंप हातात आला की पाय आपोआप मागे सरकत आणि मान वळे. पाय काय करतात हे डोक्यालाच ठाऊक नव्हतं, मग कागदाला कुठून कळणार?

तिने शाळेत फोन लावला. "बाई वर्गात आहेत. निरोप देतो," कारकून म्हणाला. त्याच्या सुरावरून तो खुर्चीतून हलेल असं वाटेना. केंद्रातली उरलेली खोकी तिने थांबवायला सांगितली, आणि नणंदेने भुवईवर फडकं दाबत तिला जिन्याकडे ढकललं. "जा. जेवण पळून जात नाही."

बसमध्ये तिला जागा मिळाली, तरी ती बसली नाही. प्रत्येक थांब्यावर कंडक्टर सुटे पैसे, ओळखीचे लोक आणि हवापाणी असं सगळं निवांत पार पाडत होता. आपला कागद कुणी वाचत नाही म्हणून जन्मभर कुरकुर केलेल्या बाईने आज एकच धावा मांडला होता, की तो कुणी वाचू नये. पण या मंडळाच्या बाई त्यातल्या नव्हत्या. प्रशिक्षणात तिचं एकेक वाक्य त्यांनी दोन रंगांच्या शाईत उतरवून घेतलं होतं. नेमक्या त्याच.

शाळेमागच्या मैदानात मुलांचं कोंडाळं होतं. मधे जाड चष्म्याची एक मुलगी गुडघ्यांवर बसून, नाक टेकेल इतकी बाटलीवर वाकली होती.

पायरीबाई धावता धावताच ओरडली. आवाज पार गेटापर्यंत गेला. "मागे हो! सगळे मागे व्हा!"

मुलं एकमेकांवर कोलमडली. बाटली जागची हलली नाही. पंप अजून खोक्यातच होता.

"बरं झालं आलात," मंडळाच्या बाई म्हणाल्या. "दुसऱ्या पायरीवरच अडलोय."

"'बाटलीत पाणी भरा' असं आहे," चष्मेवाली म्हणाली. "पण हिला झाकण आहे."

"मग काढायचं ना, बाळा!"

"कुठे लिहिलंय?"

"मी कधीचा म्हणतोय काढू या," मागून एक मुलगा करवादला. "पण आज वाचायची पाळी हिची आहे ना! वरून ओतून पण पाहिलं. आत जात नाही."

मैदान खरंच ओलं होतं. पायरीबाई त्या ओल्यातच बाटलीशेजारी बसली. तिच्या सरावाच्या बाटलीचं झाकण कधीच हरवलं होतं, म्हणून ते कागदावर आलंच नव्हतं. एका चुकीने दुसरीला दारातच अडवलं होतं. यात तिची कर्तबगारी म्हणावी, तर दोन्ही चुका तिच्या होत्या.

एक ओळ वाढवून परत जाता आलं असतं. पण आपले हात आणखी काय काय परस्पर उरकत असतील, हे ती कोणाच्या भरवशावर सांगणार? तिने कागद चष्मेवालीच्या हातात दिला. "आता मी करते. कागदात नाही असं काहीही मी केलं की ओरडायचं."

शाळेत मोठ्यांवर ओरडायची अशी सोय पूर्वी कधी झाली नसावी.

"झाकण!"

"बूच ओलं केलंत!"

"नळी ओढून बघितलीत!"

बाई एकेक लिहून घेत होत्या, दोन्ही रंगांत. पायरीबाईने पंप उचलला.

"पाय!" चष्मेवाली किंचाळली. "तुम्ही मागे का गेलात?"

पायरीबाईने खाली पाहिलं. पाय खरंच मागे गेले होते.

"अशीच बाटली आज माझ्या नणंदेच्या भुवईवरून गेली," ती म्हणाली. "जराशी खाली असती, तर डोळा गेला असता. चूक माझी."

चष्मेवालीने पेन्सिल पुढे केली. "मग लिहा ना."

तिने लिहिलं, 'मागे उभे राहा.' मुलीने ते वाचलं आणि मान वर केली. "किती मागे?"

घरी एक होतीच, आता शाळेतही भेटली. पायरीबाईने वाक्य खोडलं आणि लिहिलं, 'नळी सरळ ताणा. नळी संपते तिथे सगळ्यांनी उभे राहा. बुडबुडे तिथूनच पाहा.'

सगळे तिथे उभे राहिल्यावर तिने पंप मारला. बूच सुटलं. बाटली पाणी उडवत छपरापलीकडे गेली, आणि सगळे माना वर करून ओरडले. चष्मेवाली तेवढी खाली बघत होती, सगळ्यांचे पाय नळीच्या टोकामागे आहेत ना, म्हणून.