रेडकाचा वाटा

ग्लास म्हशीच्या सडापासून चांगला वीतभर खाली धरायचा आणि धार अशी जोरात मारायची की फेस काठावर चढून डोलू लागे. मग मामा तो ग्लास गिऱ्हाइकापुढे करत. कोणी कुरकुरलेच तर उत्तर ठरलेले, "फेस बी दुधाचाच हाय की, पावणं. पाण्याचा न्हाय!"

कोल्हापुरात संध्याकाळी म्हशी कट्ट्यावर आणून डोळ्यांदेखत धार काढून देत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मामांची म्हैस उभी असे; त्या गवळ्याला सगळी गल्ली मामाच म्हणे. शाळेत शिकवून परतताना मीही तिथे थांबे. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याची लबाडी लोक हसून सोडून देतात. मामांच्या एका गोष्टीला मात्र कोणी हसत नसे. धारेआधी रेडकाला क्षणभर आचळाला लावायचे, म्हैस पान्हवली की त्याला ओढून बांधायचे आणि शेवटी एक सड त्याच्यासाठी राखायचा, ही गवळ्यांची रीत. मामा चारही सड कोरडे करत.

"अवो, त्येला ठेवा की वाईच," मामी म्हणत.

"रेडकू पैसं देतंय व्हय?"

पावसाळा सरता सरता ते रेडकू मेले. मामांनी त्याच्या कातड्यात पेंढा भरून घेतला. ते समोर ठेवले की म्हैस चाटत राही आणि दूध सोडी. "बघा मास्तर, आता वाटंकरी बी न्हाय," मामा मला म्हणाले. मामींनी त्या दिवसापासून आपल्या चहात दूध घालणे सोडले.

दिवाळीच्या पाडव्याला गवळी म्हशी सजवून पळवतात. मालक हाका मारत पुढे धावतो, म्हैस त्याच्या मागे. मामांनी शिंगे रंगवली, मोरपिसे बांधली, गळ्यात कवड्यांची माळ घातली. हलगी कडाडली. "चल गं माझी बाय!" करत मामा धावले. म्हैस थोडी त्यांच्यामागे आली, थांबली, आणि वळून गर्दीतून सरळ घराकडे चालू लागली.

"मामा, म्हशीनं सोडचिठ्ठी दिली की!" लोक ओरडले.

मी हसतच मामांच्या मागोमाग गोठ्यापर्यंत गेलो. म्हैस पेंढ्याच्या रेडकाला चाटत होती. चाटून चाटून मानेपाशी कातडे विरले होते, पेंढा बाहेर आला होता. तो तिच्या जिभेला लागत होता, पण ती खात नव्हती.

मामा दारातच थांबले. "मास्तर," ते म्हणाले, "हिला ह्ये जित्तं वाटत आसंल व्हय?"



लोभी माणसाची गोष्ट शिकवताना मी वर्गात हमखास विचारी, कलाटणी कुठे आहे ते दाखवा. गोष्टीतला माणूस सणाच्या एका रात्रीत बदलतो, तेव्हा बोट ठेवणे सोपे असते. मामांच्या ग्लासात भाऊबिजेलाही फेस होताच. पुढच्या वेताला मात्र नव्या रेडकासाठी एक सड राहू लागला. मग दोन.

"मामा, अजून दूध हाय की!" गिऱ्हाईक म्हणे.

"हाय. पर तुझं न्हाय."

दर पाडव्याला ते तिला एकदाच हाक मारत. एकदा तरी तिने मागे यावे, एवढेच त्यांना हवे होते. ती मान वळवून बघे, पाऊल उचलत नसे. मग मामा तिच्या शेजारून चालत तिला मिरवून आणत. "रागावलीया. तिचं बी खरं हाय," म्हणत. अशी बरीच वर्षे गेली.

मामा एका हिवाळ्यात झोपेतच गेले. दुसऱ्या दिवशी पुतण्या धारेला बसला. रेडकू क्षणभर लावून बांधले, आंबोण पुढे ठेवले, पाठीवर हात फिरवला. म्हशीने थेंब सोडला नाही. शेवटी मामींनी उठून रेडकाचे दावे सोडले. ते आचळाला भिडले, ढुशा देत राहिले, तेव्हा कुठे म्हैस पान्हवली. पुतण्या चरवी घेऊन पुढे झाला.

"ऱ्हाऊ दे," मामी म्हणाल्या. "आज समदं त्येलाच पिऊ दे."

रेडकू पीत होते. म्हैस त्याची पाठ चाटत होती, आणि मधूनच चाटणे थांबवून दाराकडे बघत होती.