तांबड्या देठाची रोपं

जन्मभर तातामीच्या चटया शिवून यासोकिचीकाकांच्या बोटांना घट्टे पडले होते, पण असागाओच्या वेलीचं कोवळं रोप त्या बोटांत कधी दुखावलं नाही. पहाटे उमलून नऊला मिटणाऱ्या त्या फुलांवर माणसाचा जीव! बशीएवढ्या पांढऱ्याशुभ्र फुलासाठी गल्लीच्या प्रदर्शनात सव्वीस वर्षं त्यांचाच पहिला नंबर. कुंडीपुढच्या लाकडी पाटीवर नाव असायचं यासोकिचीचं. बी मात्र दरवर्षी मित्सुयोकाकू धरायच्या. कुठल्या वेलीचं धरतात, हे काकांनी कधी विचारलं नाही. आयतं हातात आलं की कोण विचारतो हो?

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. मे महिन्यात काकांनी त्यांच्या डब्यातलं बियांचं शेवटचं पाकीट काढलं. वर काकूंच्या अक्षरात दोनच शब्द होते: सगळी वाढवा.

तेवीस रोपं उगवली. देठ तांबडा असला की फूल जांभळं येतं आणि हिरवा असला की पांढरं, हे त्या गल्लीत लहान पोरींनाही ठाऊक. हिरवी निघाली सहा. काकांनी उरलेली सतरा उपटून टोपलीत टाकली.

शेजारची टोफूवाली सुगिए धावत आली. "अहो दादा, काय करताय हे! वहिनी एकही टाकत नव्हत्या."

"जांभळ्याला कोण कुत्रं विचारतंय? तू आपला टोफू काप. वेलींचं मला नको शिकवू."

सुगिएनं नाक मुरडलं आणि टोपली उचलून चालती झाली.

त्या वर्षी ऊन असं पडलं की माणसं घराबाहेर पडेनात. तरी सहाही वेली फुलल्या आणि पहिला नंबर आला. पण फुलामागचं बोंड पिवळं पडायचं आणि गळायचं. काकांनी कापडाची सावली केली, दिवसातून तीनदा पाणी घातलं, वेलींना शिव्या दिल्या, मग त्यांची माफीही मागितली. सप्टेंबरात एकच बोंड उरलं. फोडून बघतात तर आत नुसता भुसा! काका ओट्यावर मटकन बसले. मित्सुयोचं एवढं एकच जिवंत हाताशी होतं, तेही आपण घालवलं.

"रडून झालं असेल तर मागं या," सुगिए कुंपणापलीकडून म्हणाली.

तिच्या दुकानाची मागची भिंत म्हणजे भट्टीच. आतून सोयाबीनची कढई तापलेली, बाहेरून पश्चिमेचं ऊन. त्या भिंतीवर सतराच्या सतरा जांभळ्या वेली बोंडांनी लगडल्या होत्या.

"पांढरीच्या अंगात रंग नाही, म्हणून तिला ऊन सोसत नाही, असं वहिनी सांगायच्या. थंड वर्षी धरते ती बी, अशा उन्हाळ्यात नाही. या बहिणींना रंग आहे, त्या टिकतात. आणि पांढरेपण यांच्या पोटात लपलेलं असतं. सगळ्यांच्या नाही, पण कुणाच्या ते वरून ओळखता येत नाही. म्हणून सगळ्या वाढवायच्या."

काका तिच्याकडे वळले. "मग मला का नाही बोलली ती?"

"बोलल्या की. दरवर्षी बोलायच्या. तुम्ही फुलं बघत असायचात."

काकांना तोंडात मारल्यासारखं झालं. त्यांनी सतराही वेलींचं बी काढून पुडीत बांधलं.

पुढच्या मे महिन्यात ते रोज पहाटे कुंड्यांपुढे उकिडवे बसायचे. तांबडं रोप उगवलं, मग तांबडं, पुन्हा तांबडं. नवव्या दिवशी एका कोपऱ्यात हिरवा देठ दिसला आणि म्हातारा हमसून हमसून रडला. सुगिए हातातला टोफू ठेवून आली आणि शेजारी बसली.

या वेळी एकही रोप उपटलं गेलं नाही. जुलैच्या प्रदर्शनात काकांनी पांढरीशेजारी एक साधी जांभळी वेल मांडली.

"यासोकिचीसान, ही कशाला आणलीत?" परीक्षकांनी विचारलं. "हिला काही नंबर मिळायचा नाही."

"नको मिळू दे," काका म्हणाले आणि खिशातून नवी पाटी काढून त्यांनी तिच्यापुढे खोचली. पाटीवर मित्सुयोचं नाव होतं.