आर्व्हिलाच्या दोनशे बारा सह्या

आर्व्हिला टोलमन सव्वीस वर्षं शाळेची बस चालवत होती आणि त्या सव्वीस वर्षांत तिने एकाही पोराची मिजास चालू दिली नव्हती. आज आयडाहो राज्यातल्या कॉटनवुड बेंड गावात जी माणसं बटाट्याची शेती करतात, ट्रक हाकतात, चर्चमध्ये पुढच्या बाकावर गंभीर चेहरे करून बसतात, त्यांतली निम्मी तिच्या धाकात वाढलेली आहेत.

अशी ही बाई एकाच गोष्टीपुढे हतबल झाली होती. तिच्या मुलीच्या हातांपुढे.

डार्ला केस कापायची. मेन स्ट्रीटवरच्या दुकानात तिने एक खुर्ची भाड्याने घेतली होती. चाळिशीही आली नव्हती आणि सांधेवाताने बोटं सुजायला लागली. सकाळी कात्री हातात बसेना. औषध लवकर सुरू झालं तर बोटं वाचतील, नाहीतर वाकडी होतील ती कायमची, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. औषधाची किंमत ऐकून मायलेकी बाहेर येऊन गाडीत बसल्या आणि कितीतरी वेळ कुणी किल्ली फिरवली नाही.

विमा नव्हता. का नव्हता ते ऐकलं तर डोकं फिरतं. मेडिकेड म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी विमा, पण पदरी मूल नसलेल्या माणसाला आयडाहोत तो मिळत नव्हता, मग तो कितीही गरीब असो. खासगी विम्याच्या हप्त्यात सरकार सूट द्यायचं, पण ती मिळायला कमाई थोडी जास्त लागायची. डार्लाची तेवढी नव्हती. म्हणजे तिने जास्त कमावलं असतं तर तिला मदत मिळाली असती! हे नियम करणाऱ्यांना एकदा माझ्या बसमध्ये पहिल्या बाकावर बसवा, मी बघते, असं आर्व्हिला म्हणायची. त्यात तिचं काय चुकलं?

राजधानीतले आमदार हा विषय वर्षानुवर्षं चघळत बसले होते. अखेर २०१८ साली लोकांनीच मनावर घेतलं. मेडिकेड डार्लासारख्यांपर्यंत वाढवायचं की नाही, हा प्रश्न थेट मतपत्रिकेवर आणायचा. त्यासाठी सह्या हव्या होत्या, आणि नुसत्या मोठ्या शहरांतल्या चालणार नव्हत्या, निम्म्याहून जास्त मतदारसंघांत ठरलेला आकडा भरायला हवा होता. आपल्या मतदारसंघाचं काम आर्व्हिलाने अंगावर घेतलं. प्रत्येकाची टपालपेटी पोस्टातच, टपाल न्यायला अख्खा गाव तिथे येतो, म्हणून फेब्रुवारीच्या थंडीपासून ती रोज दुपारी पोस्टाच्या दाराशी उभी राहिली. एप्रिलमध्ये तिने कागदांचा गठ्ठा काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीत दिला आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

पाच दिवसांनी, बुधवारी, कचेरीतून इडेला क्रॉफ्टचा फोन आला. मतदारयादी इडेलाच्या ताब्यात असायची. दोघी एका वर्गातल्या, पण कचेरीत शिरली की इडेला सख्ख्या भावालाही ओळख दाखवत नसे.

"आर्व्हिला, तुझ्या दोनशे बारा सह्या बाद झाल्यात."

"बाद? अगं, माझ्या डोळ्यांदेखत केल्यात त्यांनी!"

"सह्या खऱ्या आहेत. पत्ते चुकलेत. सगळ्यांनी पोस्टातल्या पेटीचा नंबर लिहिलाय. कायद्याला राहत्या घराचा पत्ता लागतो. पेटीत राहतं का कुणी?"

"आपल्याकडे टपाल घरी येतंच कुठे? पत्ता विचारला की माणूस पेटीच सांगणार. तूसुद्धा तेच सांगतेस."

"सांगते. आणि मी सही केली असती तर माझीही बाद केली असती. सोमवारी पाचला मुदत संपते."

आर्व्हिलाला स्वतःचाच राग आला. तीन महिने ती त्या दाराशी उभी होती, एकेक पेटीचा नंबर तिच्यासमोर लिहिला गेला होता आणि तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. तिने स्वतः तेच लिहिलं असतं. इतर सगळीकडचे आकडे भरत आले होते, पण हा एक मतदारसंघ कमी पडला तर सगळ्यावरच पाणी फिरणार होतं. आणि डार्लाची बोटं काही पुढच्या निवडणुकीची वाट बघणार नव्हती.

गुरुवारी सकाळी पोरांना शाळेत सोडून ती आपला पिकअप घेऊन निघाली. प्रत्येकाकडून घराच्या पत्त्यासह नव्याने सही घ्यायची होती; बाद झालेल्यांची यादी तिने बसच्या थांब्यांच्या क्रमाने लावली होती. कुठल्या वळणावर कुणाचं घर, कुठला कुत्रा नुसता भुंकतो आणि कुठला खरंच चावतो, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

पहिलंच दार किंबल हॅचने उघडलं. वय अडतीस, पायांत सपाता. तिला बघताच त्याने तोंडातला घास गिळला.

"मिसेस टोलमन! मी काही केलं नाही!"

"तेच तर. नीट लिहिलं नाहीस. तुझ्या घराचा नंबर काय?"

"घराला नंबर आहे?"

"फाटकावर आगीच्या बंबवाल्यांनी हिरवी पाटी ठोकलीय, ती काय शोभेला? जा, वाचून ये."

तो चिखलातून सपाता फटकावत गेला आणि नंबर वाचून आला. त्या दिवशी गावातले किती बापये फाटकाकडे पळाले, त्याला गणती नाही. दोघांनी नंबरावरून बायकांशी पैज लावली आणि दोघेही हरले.

शनिवारी ती रूलन स्टोडार्डकडे पोचली. हा तिच्या मृत नवऱ्याचा चुलतभाऊ. गुरं पुष्कळ, मतं त्याहून जास्त. त्याने पोस्टातही सही केली नव्हती.

"फुकट खाणाऱ्यांसाठी माझी सही नको मागूस, आर्व्हिला."

"नाही मागत. तुझे केस कोण कापतं?"

"डार्ला. का?"

"मागच्या वेळी डाव्या कानावर वाकडे कापले ना?"

रूलनचा हात कानाकडे गेला. "मी काही बोललो नाही. म्हटलं, झालं असेल दुर्लक्ष."

"दुर्लक्ष नाही रे, बोटं वळत नाहीत तिची. आठवड्याचे सहा दिवस उभी असते ती. तिला म्हण फुकट खाणारी. म्हण माझ्यासमोर."

रूलनने कुंपणापलीकडच्या गुरांकडे बघितलं. मग त्याने पेन मागितलं. "मत देईन असं समजू नकोस."

"मत नोव्हेंबरात. आधी लोकांना देऊ तर दे."

सही झाली, घराचा पत्ताही पाठ निघाला. मग त्याने टोपी चढवली. "वरच्या घरांकडे रस्ता वाहून गेलाय, तुझा पिकअप रुतेल. माझ्या गाडीत बस." आणि त्या दिवशी वरच्या सात घरांसमोर हा माणूस खिडकीतून ओरडत होता, "मी केलीय सही! तुम्हाला काय धाड भरलीय?"

सोमवारी चार वाजून वीस मिनिटांनी इडेलाने कागद हातात घेतले. एकेक ओळ यादीशी ताडून बघितली. एकदाही मान वर केली नाही. घड्याळ पाचच्या जवळ गेलं तेव्हा तिने शेवटच्या पानावर शिक्का मारला.

"दोनशे अडतीस. दोनशे बाराच बाद झाल्या होत्या ना?"

"काही घरांत नव्याने लोक राजी झाले."

"पत्ते सगळे बरोबर आहेत," इडेला म्हणाली आणि मग कचेरीत तीस वर्षांत कुणी न पाहिलेली गोष्ट घडली. ती हसली.

नोव्हेंबरात प्रस्ताव दणदणीत बहुमताने पास झाला. जिथे सरकारी मदतीचं नाव काढलं की लोक तोंड फिरवायचे त्या आमच्या काउंटीतही. राजधानीवाल्यांनी अटी घालत आणखी वर्ष काढलं. तेवढा काळ डार्ला अर्धा दिवस काम करत, स्वस्तातल्या गोळ्या खात, दात आवळून टिकली. २०२०च्या जानेवारीत तिच्या नावाचं कार्ड आलं आणि दुसऱ्याच दिवशी दोघी दवाखान्यात हजर झाल्या.

"विमा आहे का?" काउंटरवरच्या मुलीने संगणकावरची नजर न हलवता विचारलं.

आजवर या प्रश्नाला डार्ला काउंटरवर ओणवी व्हायची आणि मागच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून पुटपुटायची. आज ती ओणवी झाली नाही. सुजलेल्या बोटांनी तिने कार्ड समोर ठेवलं.

"आहे."

मागे उभ्या आर्व्हिलाचे डोळे भरून आले होते, आणि ते तिला कुणाला दाखवायचे नव्हते.

"काय म्हणालीस? मला ऐकू नाही आलं," ती म्हणाली.

डार्ला वळली. खोलीतली सगळी माणसं आता तिच्याकडे बघत होती.

"आहे, आई! विमा आहे मला!"